किती बारीक पाहावं?

घाई नसेल तेव्हा हे वाचा. प्रत्येक टप्प्यापाशी जरा थांबा, मन स्थिरावलं की पुढं सरका.

मनासमोर एक हाड आणा. उंदराच्या मांडीचं, गुडघ्याकडच्या टोकाचं. बाहेरून ते गुळगुळीत आणि भरीव. आता आत शिरा. आत बारीक काड्या आणि पट्ट्या एकमेकींत गुंतल्या आहेत, मधल्या पोकळ्यांत मज्जा आहे. एका काडीची जाडी साधारण 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. ही जाळी थोडा वेळ मनात तशीच राहू द्या. अजून तिला कुणी मोजलेलं नाही.

आता मोजणारा येतो. मायक्रो-सीटी यंत्रात हाडाचा तुकडा थोडा थोडा फिरतो. प्रत्येक कोनातून क्ष-किरणांत त्याची सावली टिपली जाते आणि अशा शेकडो सावल्यांवरून गणितानं त्रिमितीय चित्र उभं राहतं. हे गणित ली फेल्डकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडलं. फेल्डकॅम्प फोर्ड मोटर कंपनीत होते, आणि तिथं शोधायचे होते सिरॅमिकच्या भागांतले सूक्ष्म दोष. 1989 मध्ये हीच पद्धत हाडाच्या जाळीसाठी वापरल्याचा निबंध आला. मूळ हाड आणि पडद्यावरचं हाड, या दोहोंच्या मधे पाहणाऱ्यानं ठरवलेले आकडे उभे असतात. त्यांच्याकडे एकेक करून पाहू.

पहिला आकडा व्हॉक्सेलचा. चित्र ज्या छोट्या घनांनी बनतं, त्यातला एक घन म्हणजे व्हॉक्सेल. पायलीनं मोजणाऱ्याला चिपट्याचा फरक कळत नाही. व्हॉक्सेल 10 मायक्रॉनचा असेल तर काडीच्या जाडीत पाच घन बसतात. तो 40 मायक्रॉनचा करा. आता एकाच घनात अर्धं हाड, अर्धी मज्जा येते, आणि घन दोहोंची सरासरी सांगतो: करडा.

या करड्या घनापाशी थांबा. इथंच निवाडा होतो. कोणत्या छटेपासून पुढं हाड म्हणायचं, ती सीमा कुणीतरी ठरवतं. सीमा खाली ठेवली की करडे घनही हाडात जमा होतात, काडी फुगते. सीमा वर नेली की बारीक काडी चित्रातून पुसली जाते.

आता यातून काय होतं ते सावकाश पाहा. ज्या काड्या सगळ्यांत बारीक, त्या आधी नाहीशा होतात. उरतात त्या जाडजूड. मग उरलेल्यांची सरासरी जाडी काढली, तर ती वाढलेली निघते. काड्यांची संख्या कमी, त्यांच्यातले दुवे कमी, आणि तरीही जाडीचा आकडा धडधाकट! दुबळे मोजणीतून गळाले की सरासरी सुदृढ होते. औषधानं हाड सुधारलं की नाही हे ज्या आकड्यावरून ठरायचं, त्यात हा भ्रम शिरू शकतो. स्वतःला विचारा: एखादी सरासरी वाचताना, तिच्यातून कोण गळालं हे आपण शेवटचं कधी विचारलं होतं?

मग व्हॉक्सेल अगदी बारीकच का ठेवू नये? मनातल्या मनात तो निम्मा करा. घनांची संख्या आठपट झाली. प्रत्येकाच्या वाट्याला येणारे किरण घटले, चित्रात दाणेदार गोंगाट वाढला. पूर्वीइतकंच स्वच्छ चित्र हवं तर किरणांची मात्रा सुमारे 16 पट लागते. काढून ठेवलेल्या हाडाच्या बाबतीत याची किंमत म्हणजे यंत्राचा वेळ. पण जिवंत उंदराला दर काही आठवड्यांनी तपासायचं असेल, तर ती मात्रा त्याच्या मज्जेला आणि हाडालाच बाधू शकते. पाहण्यानं पाहिलेलं बदलतं. या विचाराला घाईनं हातावेगळं करू नका.

किरणांचं व्होल्टेज हा आणखी एक आकडा. ते चढवलं की किरण आरपार सहज जातात, पण हाड आणि मऊ पेशीजाल यांतला फरक फिका पडतो. शिवाय किरणांच्या झोतात मवाळ आणि कणखर दोन्ही किरण असतात. मवाळ किरण हाडाच्या बाहेरच्या थरातच अडकतात, त्यामुळे आतलं हाड आहे त्याहून विरळ भासतं. म्हणून वाटेत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ठेवून ते आधीच गाळतात, आणि ठाऊक घनतेच्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या नमुन्याशी यंत्राची छटा जुळवून घेतात.

आता सगळे आकडे एकत्र मनात धरा. यांतला एकही निर्दोष करता येत नाही. एक सावरावा तर दुसरा ढळतो. 2010 मध्ये ‘जर्नल ऑफ बोन अँड मिनरल रिसर्च’मध्ये उंदरांच्या हाडांच्या मायक्रो-सीटीसाठी मार्गदर्शक सूत्रं छापली गेली. व्हॉक्सेल, व्होल्टेज, हाडाची सीमा कशी ठरवली, हे निष्कर्षांसोबत लिहा, असा त्यांचा आग्रह आहे. त्यात वैज्ञानिक शिस्त आहेच, पण नम्रताही आहे: मी काय पाहिलं हे सांगण्याआधी, कसं पाहिलं ते सांगतो.

ज्या प्रश्नाला जेवढं बारीक पाहणं पुरेल तेवढं पाहावं. एका अभ्यासातली सगळी हाडं एकाच मापानं पाहावीत. आणि ते माप लपवू नये. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत, तर कोण चुकलं हे ठरवण्याआधी दोघांनी कोणत्या मापानं पाहिलं ते विचारावं. बरेचदा तंटा तिथंच मिटतो.