मात्सा : दास्याची भाकर की मुक्तीची?

यहुदी धर्मात वल्हांडण सणाचे सात दिवस, आणि इस्राएलबाहेर बहुधा आठ दिवस, जी पातळ बेखमीर भाकर खाल्ली जाते तिला मात्सा म्हणतात. ती केवळ पीठ आणि पाणी यांचीच होते आणि खमीर, म्हणजे पीठ फुगवणारे आंबवण, तिला वर्ज्य असते. इजिप्तमधील दास्यातून झालेल्या सुटकेची ती खूण असली, तरी तिच्याविषयीच्या मूळ वचनांतच एक पेच आहे. बायबलमधील ‘निर्गम’ ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात लोकांना इतक्या तातडीने निघावे लागले की कणीक फुगायला अवधीच मिळाला नाही, असे कारण दिले आहे. परंतु त्याच अध्यायात, निघण्यापूर्वीच, कोकराच्या मांसाबरोबर बेखमीर भाकर खाण्याची आज्ञा आलेली आहे. त्यामुळे घाई हे तिचे एकमेव कारण ठरत नाही, आणि मेंढपाळांचा कोकराचा सण व शेतकऱ्यांचा नव्या सातूचा सण असे दोन जुने सण पुढे एकत्र आले असावेत, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. शिवाय ‘अनुवाद’ ग्रंथ हिला दुःखाची भाकर म्हणतो, तर मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत रब्बान गमलिएल तिचा संबंध थेट मुक्तीशी जोडतात.

सोळाव्या शतकात प्रागच्या महारल या पंडिताने यावर असे उत्तर दिले की, जिच्यात पीठ-पाण्यापलीकडे काहीच मिसळलेले नाही ती भाकर जशी निखळ, तसाच ज्याला बाहेरचे काही चिकटलेले नाही तोच खरा स्वतंत्र. विचार देखणा आहे, पण अपुरा; कारण निखळपणा एवढीच कसोटी असती तर तांदळाची भाकरीही चालायला हवी होती, आणि ती चालत नाही. मिश्नेने मात्सासाठी गहू व सातू यांसह पाचच धान्ये ग्राह्य धरली असून, तांदूळ भिजला तर फुगून येत नाही, नुसताच नासतो, म्हणून त्याचा मात्सा होऊ शकत नाही, असा मिश्नेवरील चर्चेचा ग्रंथ असलेल्या तालमूदमधील बहुमताचा निर्णय आहे. ज्या धान्यात आंबण्याची क्षमताच नाही, त्याच्या न आंबण्याला धार्मिक मोल नाही, हा या नियमाचा गाभा होय, आणि महारलच्या रूपकापेक्षा या रूक्ष वाटणाऱ्या नियमात अधिक तत्त्वज्ञान आहे.

कणीक हात न लावता 18 मिनिटे पडून राहिली तर ती आंबली, असे धर्मशास्त्र मानते. मळणे अखंड चालू असेल तर मूळ नियमाप्रमाणे हा अवधी मोजला जात नाही, तरीही प्रत्यक्षात भिजवण्यापासून भाजण्यापर्यंतचे सगळे काम त्या वेळेतच उरकण्याची रीत पडली आहे. आपली पोळीसुद्धा बेखमीरच, पण तिची कणीक तिंबून, झाकून, मुरत ठेवतात, आणि मात्साच्या दृष्टीने तेवढ्यानेच ती बाद होते. गुलामाचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो. घाई त्याच्यावर लादली जाते. तीच घाई मुक्त माणूस दरवर्षी स्वेच्छेने, नियम म्हणून पत्करतो, तेव्हा दास्याचे अन्न मुक्तीचे होते, म्हणजे भाकर तीच राहून तिच्यामागचा कर्ता बदलतो.

म्हणूनच कर्त्याचा हेतू हा वादाचा विषय ठरला. 1859 साली पूर्व युरोपातील गालिसिया प्रांतातले रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, श्लोमो क्लूगर यांनी यंत्राने केलेल्या मात्साला विरोध केला, तो हेतूच्या प्रश्नावरून आणि हाताने मात्सा करून सणापुरते कमावणाऱ्या गरिबांची मजुरी बुडते म्हणूनही. रब्बी योसेफ शाऊल नाथनसन यांनी त्याच वर्षी त्यांचे खंडन केले. व्यवहारात नाथनसन जिंकले, परंतु क्लूगर यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता, कारण गरिबाला वगळून मुक्तीचा सण साजरा करणे हा उघड विसंवाद आहे. यहुदींच्या हसिदी या भक्तिमार्गी पंथात सणाच्या पहिल्या रात्रीसाठी आजही हाताने केलेला मात्साच लागतो.

भाताच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजानेही हे व्रत मराठीतून जपले. सणाच्या रात्री वाचायच्या ‘हग्गादा’ या पोथीची मराठी भाषांतरासहित आवृत्ती 1846 साली मुंबईत शिळाप्रेसवर छापली गेली, आणि 1874 साली पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया मात्सा करताना दाखवल्या आहेत.