उजाडण्याआधीची जाग

पहाटेचे तीन वाजलेले असतात. कोंबडा आरवायला अजून अवकाश असतो आणि गावातली एखादी आजी अंथरुणावर उठून बसलेली असते. मुलगा नोकरीपायी शहरात, सोबतीचं माणूस केव्हाच गेलेलं. सकाळी कुणी विचारलं तर 'मी उदास आहे' असं ती म्हणत नाही. 'छातीत धडधडतं', 'जेवण गोड लागत नाही', 'जिवाला घोर लागलाय' असं म्हणते. आणि आपण म्हणतो, वय झालं, चालायचंच.

हे 'चालायचंच' मला फार निर्दय वाटतं.

गोव्यात 'संगत' या संस्थेच्या मंडळींनी हे वाक्य मान्य केलं नाही. नैराश्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, साठी ओलांडलेल्या 181 जणांवरचा त्यांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांशी नियमित बोलायला माणसं नेमली होती. ती डॉक्टर नव्हती, तर प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. वर्षभरात नेहमीचेच उपचार चालू असलेल्यांपैकी शेकडा चौदा जण पुरत्या नैराश्यात गेले. ज्यांच्याशी असं बोलणं झालं, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा चार होतं.

बोलणं म्हणजे नुसता धीर देणं नव्हे. 'होईल सगळं ठीक' म्हटलं की समोरच्याचं बोलणं तिथंच थांबतं. इथं काळज्यांच्या गाठोड्यातून एकच काळजी बाहेर काढायची, तिचे तुकडे करायचे आणि या आठवड्यात त्यातलं काय जमेल ते आजीनंच ठरवायचं. पेन्शन अडकली असेल तर कुठला कागद कमी आहे ते शोधायचं. मधुमेहाच्या गोळ्या चुकत असतील तर त्यांची वेळ बसवून द्यायची. झोपेचंही तसंच. दुपारची लांबलचक डुलकी कमी करायची, झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडायचं नाही, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं. साधंच आहे हे, पण एकट्या माणसाला एकट्यानं सुचत नाही.

आणि हे बोलणं घरी व्हावं. तालुक्याला जायचं तर गुडघे साथ देत नाहीत, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो, शिवाय 'वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं' ही कुजबुज मागे लागते ती वेगळीच. घरी आलेल्याला न सांगताही पुष्कळ दिसतं: थंड चूल, न उघडलेली गोळ्यांची पाकिटं, दिवसभर लावलेलं दार. आपल्या आशाताई घरोघर जातातच. लसीकरणाइतकंच हे काम महत्त्वाचं मानून त्यांना ते शिकवावं आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

दुखणं खोल असेल, जगणं नको झाल्याची भाषा निघत असेल, तर मात्र डॉक्टरच हवा. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं. तो घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आणि आज चहा घेऊन आजी-आजोबांपाशी बसाल तेव्हा 'बरं आहे ना?' असं विचारू नका. 'रात्री झोप लागली का?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.