लेकरांच्या डोळ्यांदेखत केलेली तौबा

आई-वडिलांच्या हातून चूक झाली, तर ती त्यांनी मुलांसमोर मान्य करावी काय? प्रश्न वरवर घरगुती दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी तौबेचा प्रश्न आहे. आपण मुलांना कलमा शिकवितो, नमाज शिकवितो, खोटे बोलू नये असे बजावतो. चुकल्यानंतर माणसाने काय करावे, हे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. ते मूल आपल्याकडे पाहून शिकते. चुकल्यावर आपण सबबी सांगत असू, तर तेही सबबी सांगायला शिकते.

वाचकहो, याविषयी हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आला आहे. हजरत नोमान बिन बशीर (र.) लहान असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली. आई हजरत अमरा बिन्ते रवाहा (र.) यांनी आग्रह धरला की, अल्लाहच्या प्रेषितांना (स.) या गोष्टीचे साक्षीदार केल्याखेरीज आपले समाधान होणार नाही. वडील प्रेषितांच्या (स.) सेवेत हजर झाले. प्रेषितांनी (स.) विचारणा केली की, तुमच्या इतर मुलांनाही असेच दिले आहे काय? उत्तर नकारार्थी आले. तेव्हा अल्लाहचे भय बाळगा आणि आपल्या संततीमध्ये न्याय करा, अशी ताकीद त्यांना मिळाली. वडील घरी परतले आणि त्यांनी ती देणगी परत घेतली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस नोंदलेली आहे.

आता जरा विचार करा. ही चूक दुष्टपणाची नव्हती, मायेची होती. चूक उमगल्यावर वडिलांनी ती दुरुस्त केली आणि त्यात लहानग्या नोमानच्या हातची वस्तू गेली. तरीही पुढे मोठेपणी हजरत नोमान (र.) यांनी हा प्रसंग लोकांना ऐकविला, तोही मिंबरवरून! वडिलांच्या चुकीची हकीकत भर सभेत सांगताना त्यांना संकोच वाटला नाही, कारण ती हकीकत चुकीपाशी संपत नव्हती. दुरुस्तीपाशी संपत होती. ती देणगी घरात राहिली असती, तर एका मुलाच्या उपयोगी पडली असती. परत घेतली गेली, म्हणून ती साऱ्या उम्मतसाठी न्यायाचा धडा ठरली.

आपल्या इंदापूर-बारामती भागातील घरांत हीच चूक वेगळ्या रूपात आढळते. मुलासाठी इंग्रजी माध्यमाची शाळा आणि मुलीसाठी जे जवळ असेल ते. ऊसाचे बिल आले की मुलाला मोटारसायकल आणि मुलीला पुढच्या वर्षीचा वायदा. मुलगी काही बोलत नाही, म्हणून तिला काही कळत नाही, असे आपण धरून चालतो. पळसदेवच्या माणसाला याविषयी फार सांगायला नको. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि आपले जुने गाव जलाशयाखाली गेले. पण उन्हाळ्यात पाणी खोल उतरले की पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर उघडे होते आणि जुने गाव कुठे होते, ते साऱ्यांना दिसते. मनावर झालेल्या अन्यायाचेही असेच आहे. वर्षांचे पाणी त्याला झाकते, नाहीसे करीत नाही. म्हातारपणी, वाटणीच्या दिवशी, जनाज्यानंतरच्या बैठकीत तो वर येतो.

कोणी म्हणेल, बापाने मुलाची माफी मागितली तर घरात दरारा कसा राहील? याचे उत्तर दिव्य कुरआनातील पहिल्याच माणसाच्या हकीकतीत आहे. आज्ञाभंग इब्लिसकडूनही झाला आणि हजरत आदम (अ.) यांच्याकडूनही. इब्लिसने आपल्या भ्रष्टतेचा दोष उलट अल्लाहवरच ठेवला. हजरत आदम (अ.) आणि माता हव्वा यांनी आपणच आपल्यावर अन्याय केला, अशी कबुली देऊन क्षमायाचना केली. यात मान कोणाचा राहिला, हे सांगायला नको. रागाच्या भरात लेकराला मारून वर “तूच मला राग आणलास” असे म्हणणाऱ्या बापाने आपण यांपैकी कोणाच्या वाटेने चाललो आहोत, हे स्वतःला विचारावे.

अर्थात माफी मागणे म्हणजे नियम मोडीत काढणे नव्हे. मुलगा खोटे बोलला आणि बापाने त्याला चारचौघांत मारले, तर बापाने मारल्याबद्दल आणि चारचौघांत मान घालविल्याबद्दल माफी मागावी. खोटे बोलण्यास केलेली मनाई कायम ठेवावी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितल्या, तर मुलाला कळते की सत्य बापाच्याही वर आहे आणि बापही त्याच्यापुढे मान तुकवितो.

दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे. अल्लाहने झाकलेले आपले गुन्हे स्वतः उघड करीत फिरू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग मुलांपुढे कबुली कशासाठी? फरक असा की, जे गुन्हे बंदा आणि रब यांच्यातील आहेत, ते मुलांना सांगण्याचे कारण नाही. परंतु जी चूक मुलाने पाहिली किंवा सोसली, ती झाकलेली नाहीच. ती हुकूकुल इबादमध्ये मोडते आणि मूलही अल्लाहचा बंदाच आहे. उलमांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत : चूक सोडणे, पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निर्धार करणे, आणि कोणाचा हक्क बुडाला असेल, तर तो परत करणे किंवा त्याची माफी मागणे. ही चौथी अट हक्कदाराचे वय विचारीत नाही.

म्हणून माफी शब्दांवर संपू नये. मुलीच्या शिक्षणाचा वायदा मोडला असेल, तर तिची फी भरल्याखेरीज तौबा पुरी होत नाही. रोज ओरडावे आणि रोज माफी मागावी, याने मुले एवढेच शिकतात की माफी स्वस्त असते. ज्या घरात चुकीनंतर काहीतरी खरोखर बदलते, त्या घरातील मूल उद्या स्वतः चुकले, तर लपायला जागा शोधीत नाही. ते आधी अब्बांकडे येते आणि पुढे आयुष्यभर आपल्या रबकडे वळते.

हे अल्लाह! आमच्या संततीमध्ये न्याय करण्याची आम्हाला सद्बुद्धी दे आणि चूक घडली, तर ती लेकरांच्या डोळ्यांदेखत दुरुस्त करण्याचे धैर्य दे. आमीन.