एजंट कुणाचा?

बदलापूर पश्चिमेला, एका इमारतीच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरसमोर आम्हाला घर दाखवायला आलेला माणूस थांबला. २०१९चा सप्टेंबर होता, गणपती नुकतेच गेले होते. भिंतींना नवा रंग होता, तरी जिन्याखाली ओलसर कुबट वास येतच होता. त्याने तळहाताने भिंत चाचपली आणि म्हणाला, "ताई, ही भोकं बघा." कमरेएवढ्या उंचीवर चार स्क्रूची भोकं लांबी भरून, रंग मारून बुजवलेली. मीटरची पेटी मात्र माझ्या डोक्याच्याही वर. "पेटी एवढ्या वर का नेली असेल? पावसाळ्यात तुमची स्कूटर कुठं ठेवणार आहात?"

हेच घर पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका एजंटाने आम्हाला दाखवलं होतं. तो ओळखीतला. माझ्या नवऱ्याच्या कंपनीतल्या सहकाऱ्याचा मावसभाऊ. त्याने हवा दाखवली, उजेड दाखवला, बाल्कनीतून दिसणारे डोंगर दाखवले, आणि जिन्याखाली आम्हाला थांबूच दिलं नाही. "दसऱ्याला रेट वाढणार, एक्कावन्न हजार टोकन टाकून ठेवा," असा त्याचा आग्रह होता. त्याच वर्षी २७ जुलैला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली. नदीकाठच्या हेंद्रेपाडा, रमेशवाडी भागात घरांत पाणी शिरलं, तेही आम्ही पाहिलं होतं. तरी ते पाणी आणि आम्हाला दाखवलेलं घर यांचा संबंध आमच्या मनात जुळला नव्हता. तो जुळवून दिला त्या चार भोकांनी, आणि ती दाखवून स्वतःचा सौदा मोडणाऱ्या एका एजंटाने.

पहिलं घर घेणारे आपण एजंट निवडताना दोनच गोष्टी बघतो. तो ओळखीचा आहे का आणि दलाली किती घेतो. दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. त्यांच्याआधीचा प्रश्न असा, की या व्यवहारात हा माणूस कुणाचा आहे?

दलाली देणारा कोण, यावर एजंट कुणाचा हे ठरतं. नव्या प्रकल्पात गिऱ्हाईक आणून देणाऱ्या एजंटाला बहुतेक वेळा बिल्डर पैसे देतो. त्याला हल्ली 'चॅनल पार्टनर' म्हणतात. "तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही" हे त्याचं म्हणणं खरंच असतं. पण मग तो माणूस बिल्डरचा झाला. ३५ लाखांच्या घरावर बिल्डर त्याला दोन टक्के देत असेल तर त्याचे ७० हजार होतात. शेजारची इमारत तुमच्यासाठी जास्त चांगली असेल, पण तिचा बिल्डर दलाली देत नसेल, तर तिचं नाव तुमच्या कानावर कधी येणारच नाही. यात त्याचा दुष्टपणा नाही. घर त्यालाही चालवायचं आहे.

जुन्या घराच्या खरेदीत एक-दोन टक्के दलाली घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून, दोन्हीकडून घेण्याची रीत आहे. तिथेही हिशेब करून बघा. एजंटाने तुमच्यासाठी घासाघीस करून एक लाख रुपये कमी केले, तर एक टक्क्याच्या दराने त्याचे स्वतःचे एक हजार रुपये कमी होतात. शिवाय दोन आठवडे जातात, आणि सौदा फिसकटण्याची भीती. म्हणजे तुमचा लाख वाचवण्यात त्याचा फायदा काहीच नाही. सौदा आज पुरा होण्यात मात्र त्याचा सगळा फायदा आहे. अमेरिकेतल्या स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचं घर विकताना गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबत होते आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवत होते. बाजार तोच, कसब तेच. फरक एवढाच, की थांबण्याचा फायदा या वेळी त्यांच्या खिशात जात होता. शिकागो असो की बदलापूर, टक्केवारीचा स्वभाव एकच.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तीन शहरांत हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तिन्ही ठिकाणी घराची जोखीम वेगवेगळ्या जागी लपलेली असते.

उल्हासनगर उभं राहिलं ते फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी निर्वासितांच्या कष्टावर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली. बराकींच्या जागी घरं, घरांवर मजले, असं करत शहर वाढलं, आणि परवानगीचा कागद मागे राहिला. उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारतींवर कारवाईचा आदेश दिला, तेव्हा शासनाला २००६ साली खास उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहाहून अधिक माणसं गेली. इथं एजंट "सगळं क्लियर आहे" म्हणाला, की पुढे विचारायचं असतं : नियमित झाल्याचा कागद आहे का, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल कुठे आहे, आणि आधीची खरेदी नोंदणीकृत दस्ताने झाली की नोटरीवर? सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११च्या 'सूरज लॅम्प' निकालात स्पष्टच सांगितलं आहे, की नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घराची मालकी हस्तांतरित होत नाही. नोटरीच्या शिक्क्यानेही ती होत नाही. जो एजंट "इथं सगळे असेच घेतात" म्हणतो, त्याने उत्तर देऊन टाकलेलं असतं. ते आपण ऐकायचं.

अंबरनाथ नाव काढलं की आठवतं ते १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर, आयुध निर्माणी आणि एमआयडीसी. अंबरनाथ-बदलापूरच्या टोकाला नव्या इमारती उभ्या राहतात त्या येणाऱ्या गोष्टींच्या भरवशावर. चिखलोलीचं स्टेशन होणार, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन होणार, कांजूरमार्गहून बदलापूरपर्यंत मेट्रो येणार. योजना खोट्या नाहीत, पण त्या कागदावरून रुळावर यायला किती वर्षं लागतात ते इथल्या प्रवाशाला कुणी सांगायला नको. एजंट उद्याचं स्टेशन आजच्या भावात लावतो. हप्ता आजपासून सुरू होतो, आणि गाडी धरायची असते ती आजच्याच स्टेशनवरून. म्हणून "स्टेशनपासून पाच मिनिटं" ही जाहिरात त्याच्या मोटारीत बसून तपासू नये. सकाळी साडेसातला डब्याची पिशवी घेऊन, पावसाळ्यात, पायी चालून बघावी.

बदलापूरची जोखीम नदीत आहे. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. "पाणी कधीच येत नाही" असं सांगणाऱ्या एजंटाला तिथपर्यंत सोबत चला म्हणावं. येतो का ते बघावं.

कायद्याने आपल्या हातात थोडी ताकद दिली आहे. घरबांधणीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा २०१६ साली संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर त्याने विकायचं नाही, खोटी आश्वासनं द्यायची नाहीत, आणि बुकिंगच्या वेळी ज्या कागदांवर गिऱ्हाइकाचा हक्क आहे ते त्याला मिळवून द्यायचे. एजंटाने कागद दिले तर तो मेहेरबानी करत नाही, ती त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. हा कायदा राज्यात राबवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाने पुढे एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. २०२३च्या मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. तेव्हा पहिल्याच भेटीत "तुमचा रेरा नंबर आणि प्रमाणपत्र दाखवता का?" असं विचारण्यात संकोच कसला? डॉक्टरच्या दवाखान्यात भिंतीवर पदवी टांगलेली असते, ती आपण वाचतोच. आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हा नियम ज्याच्या तोंडून आधी येतो तो एजंट निम्मा विश्वासाला पात्र ठरतो.

निम्माच म्हणते, कारण नंबरही फसवू शकतो. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बिल्डरांनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराचे नंबर मिळवले. लोकांनी ते नंबर बघूनच घरं घेतली; अनेकांना बँकांनी कर्जही दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. "बँकेचं लोन होतंय म्हणजे टेन्शन नाही" हे आपल्याकडच्या प्रत्येक एजंटाचं पेटंट वाक्य आहे. त्या ६५ इमारतींतल्या कुटुंबांनीही ते ऐकलं असणार. म्हणून संकेतस्थळावर दिसणारी परवानगी पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ताडून बघायची, आणि मालकी हक्काचा सर्च रिपोर्ट स्वतः नेमलेल्या वकिलाकडून घ्यायचा. एजंटाने सुचवलेला वकील कितीही भला असला, तरी त्याला पुढचं काम एजंटाकडूनच मिळणार असतं. जुन्या घराच्या बाबतीत तर रेराचा आधार जवळजवळ नाहीच. तिथे करारनाम्यांची साखळी, सूची क्रमांक २, सोसायटीचा भाग दाखला, थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची पावती, आधीचं कर्ज फिटल्याचा दाखला हे सगळं आपणच बघायचं.

एवढं सगळं आपणच करायचं, तर एजंट हवाच कशाला? कारण भिंतीतली भोकं कुठल्याच संकेतस्थळावर नसतात. कुठल्या गल्लीत टँकर येतो, कुठल्या सोसायटीत दोन गट भांडतात, कुठला मालक अडचणीत आहे म्हणून भाव उतरवेल, हे त्या वस्तीत वीस वर्षं फिरणाऱ्यालाच माहीत असतं. ते ज्ञान विकत घेण्याजोगं आहे. आपली चूक अशी, की ते विकत न घेता फुकट मिळावं अशी आपली इच्छा असते.

दलाल हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. शेतमाल असो की घर, मधला माणूस लुबाडतोच हे धरून चालतो, आणि मग त्याची दलाली बुडवता आली तर चातुर्य समजतो. घर त्याच्यासोबत पाहायचं आणि मालकाला परस्पर फोन करायचा, हे आपल्यातल्या किती सुशिक्षित माणसांनी केलं आहे! उघडपणे मान आणि मोबदला न मिळालेला माणूस तो आडून काढतो. बिल्डरकडून काढतो, किमतीत चढवून काढतो, घाईचं टोकन घालायला लावून काढतो. फुकटचा एजंट सगळ्यात महाग पडतो तो असा. त्यावर उपाय आपल्याच हातात आहे. आपल्यासाठी काम करणारा एजंट आपण नेमायचा. दलाली किती, कधी, आणि समोरच्याकडून तो काही घेणार आहे का, हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून सह्या करायच्या. शक्य असेल तर टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम बोलायची, म्हणजे भाव उतरवताना त्याचं नुकसान होणार नाही. मग त्याला सरळ विचारायचं, "हे घर मी का घेऊ नये?" ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं, त्याने एकतर ते घर नीट पाहिलेलं नसतं किंवा त्यातली खोट त्याला आपल्याला दाखवायची नसते.

ओळखीच्या माणसाबद्दल एक गोष्ट जड मनाने सांगते. ओळख म्हणजे पारख नव्हे. ओळखीत प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, कागद मागायला अवघड वाटतं, आणि नेमकं तेच समोरच्याच्या पथ्यावर पडतं. पीएफ काढून, सासूबाईंच्या पाटल्या मोडून उभी केलेली रक्कम भिडेपोटी देऊन बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. जीभ रेटत नसेल, तर परक्या माणसाकडे जाणं बरं.

त्या सप्टेंबरात आम्ही ते घर घेतलं नाही. जिन्याखाली भोकं दाखवणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. रिक्षाचं भाडंसुद्धा त्यानेच दिलं. वर्षभराने त्याच्याच मार्फत आम्ही बदलापूर पूर्वेला घर घेतलं. आधी त्याच्या वहीतल्या कागदावर रक्कम लिहिली, दोघांनी सह्या केल्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचे ठसे उमटले, फोटो निघाले, आणि बाहेर येऊन मी त्याला चेक दिला. त्याने तो दोनदा वाचला. "ताई, पार्टी रजिस्ट्रेशनच्या दिवशी फोन उचलत नाही," तो म्हणाला, "तुम्ही तर चेक लिहूनच आणलात."

आता दर दिवाळीत पाडव्याच्या आधी कुणीतरी मला चांगला एजंट विचारतं. मी त्याचा नंबर देते, आणि सोबत एक अट घालते : त्याला आधी त्याचे पैसे विचारा, घर नंतर.