रहस्यकथेतील सत्य आणि निर्दोषांचा प्रश्न : अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या कथा-कादंबऱ्यांच्या संदर्भात

एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकाने १९४५ साली रहस्यकथांवर कडक टीका करणारा लेख लिहिला आणि रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची फिकीर कोणाला आहे, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. उत्तर अर्थात 'कोणालाच नाही' असे अपेक्षित होते. परंतु ज्या कादंबरीवरून त्याने हे शीर्षक घेतले, त्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' (१९२६) मध्ये या प्रश्नाला निश्चित उत्तर आहे. फिकीर आहे ती राल्फ पॅटनला. मृताचा हा सावत्र मुलगा दडून बसला आहे, संशयाची सारी बोटे त्याच्याकडे वळली आहेत, आणि खरा खुनी उघड झाल्याखेरीज त्याला माणसांत परतता येणार नाही. प्वारोकडे हे प्रकरण येते तेही पॅटनशी जिचा विवाह ठरला आहे त्या मुलीमुळे.

रहस्यकथेचे नैतिक समर्थन सामान्यतः शिक्षेच्या अंगाने केले जाते. गुन्हेगार पकडला जातो, विस्कटलेली व्यवस्था पुन्हा बसते, वाचक निश्चिंत होतो. मराठीत तर बाबूराव अर्नाळकरांपासूनचे हे सारे लेखन लोकप्रिय वाङ्मयाच्या खात्यात टाकल्यामुळे त्यातील नीतिविचार तपासण्याची गरजच फारशी कोणाला भासली नाही. ख्रिस्तीपुरते मात्र हे समर्थन अपुरे पडते. तिच्या कथाविश्वात सत्याचे मोल अपराध्याला शासन होते यात नसून निर्दोषावरचा संशय फिटतो यात आहे. हा फरक वरवर बारीक दिसतो. त्याचे परिणाम दूरगामी आहेत.

'ऑर्डील बाय इनोसन्स' (१९५८) या कादंबरीत तो सर्वांत स्पष्टपणे मांडला गेला आहे. दत्तक आईच्या खुनाबद्दल जॅको अर्गाइलला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच मरण पावला. दोन वर्षांनी डॉ. कॅलगरी हा संशोधक अंटार्क्टिकाच्या मोहिमेवरून परततो आणि खुनाच्या वेळी जॅको आपल्या गाडीत होता असे सांगायला त्या घरी जातो. कृतज्ञतेची अपेक्षा धरून गेलेल्या या माणसाचे स्वागत भीतीने होते, कारण जॅको खुनी नसेल तर खुनी घरातलाच दुसरा कोणीतरी असला पाहिजे. वडील आणि त्यांची भावी पत्नी एकमेकांकडे साशंकतेने पाहू लागतात. हेस्टर या मुलीवर प्रेम करणारा तरुण डॉक्टरही डळमळतो. अर्धे सत्य सांगून कॅलगरीला मोकळे होता येत नाही. पुढे असेही उघड होते की खून करणाऱ्या हाताला जॅकोनेच प्रवृत्त केले होते. म्हणजे कॅलगरीची साक्ष खरी, पण ज्याच्यासाठी ती दिली तो निष्पाप नव्हता! तरीही शोध व्यर्थ ठरत नाही, कारण तो कधीच मृतासाठी नव्हता. संशयाखाली जगणाऱ्या इतरांसाठी होता.

हे एकदा ध्यानात घेतले की प्वारोच्या मौनाचाही उलगडा होतो. 'द चॉकलेट बॉक्स' या लघुकथेत एक वृद्ध आई आपणच मुलाला विष दिल्याचे त्याच्यापाशी कबूल करते. तो गप्प राहतो. डॉ. शेपर्डला तो आत्महत्येचा मार्ग मोकळा ठेवतो, परंतु पॅटन निर्दोष ठरलाच पाहिजे ही अट घालून. शेपर्डच्या निवेदनातील लबाडीवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यामानाने ही अट दुर्लक्षित राहिली. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' (१९३४) मध्ये बारा जण मिळून एका बालहत्याऱ्याला भोसकतात आणि पोलिसांना सांगितले जाते ते बाहेरून आलेल्या एका काल्पनिक मारेकऱ्याचे नाव. अस्तित्वातच नसलेल्या माणसावर आळ आल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. या कटात आगगाडीचा कंडक्टरही आहे. त्याची मुलगी त्या बालिकेची दाई होती. खोट्या संशयामुळे तिने जीव दिला होता. कादंबरीला ज्याची पार्श्वभूमी आहे त्या १९३२ च्या लिंडबर्ग अपहरण प्रकरणातही घरातल्या एका मोलकरणीने चौकशीच्या काळात आत्महत्या केली होती.

अर्थात हे तत्त्व निर्धोक नाही. निर्दोषांवर आच येत नाही तोवर सत्य झाकावे, हे ठरवणार कोण? ओरिएंट एक्सप्रेसमध्ये प्वारो दोन उत्तरे पुढे ठेवतो आणि निवड रेल्वेकंपनीच्या संचालकावर व एका डॉक्टरवर सोपवतो. ही नम्रता की पळवाट, हे ख्रिस्ती सांगत नाही, आणि हा तिच्या नीतिविचारातला कच्चा दुवा मानला पाहिजे. दुसरे टोक 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) मध्ये दिसते. तिथे बेटावर जमलेल्यांपैकी प्रत्येकाच्या माथी कोणाच्या तरी मृत्यूचा दोष आहे. वाचवण्याजोगे कोणी उरलेलेच नाही. मग निवृत्त न्यायाधीश वॉरग्रेव्ह अपराधाच्या चढत्या क्रमाने माणसे मारत जातो आणि न्यायबुद्धी व हत्येची वासना यांतली सीमारेषा त्याच्यापुरती पुसली जाते.

'कर्टन' ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिली गेली व १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. इथे प्वारो स्वतःच खून करतो. नॉर्टन स्वतः कोणाला मारत नाही, इतरांना हत्येकडे ढकलतो. कायदा त्याला स्पर्श करू शकत नाही. उद्या बळी पडणाऱ्यांना वाचवण्यासाठी प्वारो त्याला गोळी घालतो. निर्दोषांच्या रक्षणाचे तत्त्व इथे इतके ताणले गेले आहे की ते वॉरग्रेव्हच्या शेजारी जाऊन बसते. आयुष्यभर निःशंक असलेला प्वारो या एका कृत्याबद्दल मात्र निःशंक नाही. नॉर्टनचा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो. प्वारोच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी हेस्टिंग्जच्या हाती त्याचे पत्र पडते. त्यात कबुलीबरोबर एक कामही सोपवलेले आहे. बहिणीने बापाचा खून केला म्हणून नाव बदलून, स्वतःच्या रक्ताची धास्ती बाळगत जगणाऱ्या एलिझाबेथ कोलला शोधून काढायचे, आणि नॉर्टनच्या प्रभावाखाली आपल्याही हातून तेच घडले असते, असे हेस्टिंग्जने तिला सांगायचे.