सीनिअर रँग्लरच्या वर

मुरडीच्या परांजप्यांचं पाळण्यातलं नाव रघुनाथ. महाराष्ट्राच्या तोंडी मात्र ‘रँग्लर परांजपे’च बसलं. केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसमध्ये पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर आणि त्या सगळ्यांत पहिला तो सीनिअर रँग्लर. १८९९ साली परांजप्यांनी हा मान आणखी एकाबरोबर विभागून मिळवला. भारतीयाला तो पहिल्यांदाच मिळाला होता. रँग्लर म्हणजे मुळात वाद घालणारा. पूर्वी तिथली परीक्षा तोंडी असे, लॅटिनमधून. आपलं म्हणणं मांडायचं आणि समोरचा ते खोडायला उभा. पुढे लेखी पेपर आले, नाव तेच राहिलं.

राज्यकर्त्यांच्याच फुटपट्टीवर आपला माणूस पहिला आला, याचं त्या पिढीला किती अप्रूप वाटलं असेल! मला ते आजही वाटतं. पण ती फुटपट्टी कुणाकुणाला लावायची, हे ठरवणारेही तेच होते. ऑक्सफर्डमधल्या दंग्याला भिऊन पळालेल्या काही अभ्यासकांनी १२०९ च्या सुमारास केंब्रिज वसवलं. आसरा शोधत आलेल्यांच्या या विद्यापीठाने पुढे शतकानुशतकं दारं राखली. परांजपे १९०१ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो झाले. धर्माची अट काढणारा १८७१ चा कायदा झाला नसता तर निव्वळ धर्मामुळे ते दार त्यांना बंद असतं.

स्त्रियांचं दार तर त्याहून जड. सेनेट हाऊसमध्ये निकाल मोठ्याने वाचला जाई, क्रमाने एकेक नाव. पहिल्याचा जयजयकार व्हायचा. यादीत शेवटच्या आलेल्यासमोर पदवी घेताना मित्र सज्जातून लाकडी चमचा सोडायचे. १८९० साली पुरुषांची यादी संपल्यावर स्त्रियांची वाचायला घेतली. न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांच्या नावापुढे क्रमांक नव्हता, एवढंच होतं : ‘सीनिअर रँग्लरच्या वर’. म्हणजे पहिल्याच्याही पुढे. आणि पदवी नाही. गणिताने आपलं काम चोख केलं होतं. विद्यापीठाला ते ऐकायचं नव्हतं.

सात वर्षांनी स्त्रियांच्या पदवीवर मतदान झालं. त्या दिवशी सेनेट हाऊससमोर सायकलवर बसवलेला बाईचा पुतळा उंच टांगला होता. ठराव पडला, तेव्हा तरुणांनी जल्लोष केला. परांजपे तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते. पुढे त्यांची लेक शकुंतला त्याच न्यूनहॅममध्ये शिकली. तोवर स्त्रियांना नावापुरती पदवी मिळू लागली होती, पण विद्यापीठाच्या कारभारात मत नव्हतं.

परांजप्यांनी आपल्या मानाचं काय केलं, हे मला त्या मानाहून मोठं वाटतं. पुण्याला परत येऊन फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या पगारावर त्यांनी मुलांना गणित शिकवलं, जवळपास दोन दशकं प्राचार्यपद सांभाळलं. क्रमाने नावं वाचण्याची पद्धत केंब्रिजने १९०९ नंतर बंद केली. आपल्याकडे मात्र ‘रँग्लर’ नावाआधी लागत राहिलं. महाजनींच्या, नारळीकर पिता-पुत्रांच्या.

स्त्रियांना पूर्ण पदवी देण्याचा निर्णय अखेर १९४८ मध्ये अमलात आला. फिलिपा फॉसेट तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्या गेल्या.