गाळ आणि कृपा

अमेरिकी गायक जॉनी कॅशचं १९५९चं ‘फाइव्ह फीट हाय अँड रायझिंग’ हे गाणं आर्कान्सातल्या १९३७च्या पुराचं. तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. कडव्यागणिक पाणी फूटभर चढतं, सूरही वरच्या पट्टीत जातो. पूर ओसरल्यावर उरलेल्या काळ्या गाळात पुढच्या वर्षी कापूस उत्तम पिकला, असं कॅश मंचावर सांगे. मग पूर ही देवाची कृपा म्हणायची का? मला ते पटत नाही. गाळाबद्दलची कृतज्ञता खरीच, पण गाळासाठीच पूर आला म्हटलं, की बुडालेल्यांचा हिशेब परस्पर मिटवला जातो. अशा श्रद्धेनेच माणसं पुन्हा उभी राहिली, असं कुणी म्हणेल. राहिलीच; पण बळ देणारी गोष्ट कारणही सांगते असं नव्हे. गाणं स्वतः पाणी चढत असतानाच थांबतं, गाळापर्यंत जातच नाही. १९८९ मध्ये डी ला सोल या हिप-हॉप गटाने त्यातलं मोजमाप उचलून अल्बमला ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ नाव दिलं, तेव्हाही सोबत आलं ते चढणं.